पडद्याची गोधडी

आमच्या रत्नागिरीच्या शाळेत स्नेहसंमेलनाचा रंगवलेला पडदा होता, अरण्याचा. निवृत्त होताना तो अडगळीत सापडला, घडी घातलेला! असा पडदा गुंडाळून ठेवायचा असतो. घडीवर रंग उडतो.

कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव पेंटरांनीही आधी नाटक मंडळ्यांसाठी पडदेच रंगवले. आनंदराव १९१६ साली गेले. बाबूरावांचा 'सैरंध्री' आला १९२० साली. सिनेमामुळे त्यांचं नाव राहिलं, पण त्या पडद्यांची आठवण कोण काढतो?

आमच्या सौ.नी त्या पडद्याचा धड तुकडा कापला, मागे आईचं जुनं लुगडं लावलं आणि गोधडीसारखा धावदोरा घातला. रंग उडाला तिथे हिरवा दोरा. आता तो दिवाणखान्याच्या भिंतीवर आहे. फक्त कोपऱ्यातली ड्रॉईंगमास्तरांची सही शिवणीत गेली. उसवू का, असं तिने दोनदा विचारलं. मी अजून काही बोललो नाही.