भोंग्याखालची पेटी

ग्रामोफोन म्हटलं की माणसाला आधी भोंगा दिसतो. पिवळा, चकचकीत, धोतऱ्याच्या फुलासारखा उघडलेला. त्याच्या खालच्या लाकडी पेटीकडे कोणी बघत नाही. मी मात्र गेली पंचवीस वर्षं पेट्याच बघत आलो. धानाचे पैसे हाती आले की घरच्यांची नजर चुकवून कुठं तरी जुना बाजा बघायला जायचं, हा माझा धंदा. आज माझ्याकडे वाजणारे चार बाजे आहेत आणि तीन रिकाम्या पेट्या. रिकाम्या कशाला ठेवल्या, ते पुढं सांगतो.

बोलकं यंत्र आधी बनवलं अमेरिकेच्या एडिसननं, १८७७ साली. नळकांड्यावर कथलाचा पातळ वर्ख गुंडाळायचा आणि हातानं दांडा फिरवायचा. सपाट तबकडीची युक्ती बर्लिनर नावाच्या माणसाची, १८८७ची. पण तीही आधी हातानंच फिरवावी लागे. हाताचा वेग कमीजास्त झाला की गाणाराचा आवाज रडका होई. मग कॅम्डेन गावच्या एल्ड्रिज जॉन्सन नावाच्या मिस्त्रीनं तिला घड्याळासारखी चावीची कमान बसवून दिली. आमच्या गावात म्हातारी माणसं 'चावीचा बाजा' म्हणत ते याच्यामुळं. आता कमान आली, दातेरी चाकं आली, तेल-ग्रीस आलं, तर ते झाकायला घर पाहिजेच. ते घर म्हणजे ही पेटी. तिथून यंत्रात सुताराचा हात शिरला.

जॉन्सननं १९०१ साली व्हिक्टर कंपनी काढली. तिचा मोठा डाव १९०६चा. श्रीमंतांच्या दिवाणखान्यात तो भोंगा पुढं आलेला बरा दिसत नव्हता, धूळही खायचा. म्हणून कंपनीनं भोंगा दुमडून पेटीच्या पोटात घातला, वर झाकण केलं, समोर दोन दारं लावली. दारं उघडली की आवाज मोठा, लोटली की लहान. नाव दिलं व्हिक्ट्रोला. किंमत दोनशे डॉलर. दोन वर्षांनी फोर्डची साधी मोटार आठशे डॉलरच्या वर मिळत होती, यावरून अंदाज करा. लोकांनी एवढे पैसे गाण्यासाठी मोजले तसे कपाटासाठीही मोजले. पहिल्या पेट्या तर फिलाडेल्फियाच्या फर्निचरवाल्यांकडून करून घेतल्या होत्या.

त्या कामाची रीत बघण्यासारखी आहे. महोगनी, ओक, अक्रोड असं भारी लाकूड. पण अख्खं भारी लाकूड वापरायचं नाही. आत साधी फळी आणि वर भारी लाकडाचा पापुद्रा सरसानं चिकटवायचा. एकाच ओंडक्याचे लागोपाठचे दोन पापुद्रे पुस्तकाच्या पानासारखे उघडून शेजारीशेजारी लावले की दोन्ही दारांवर एकच नक्षी समोरासमोर येते. ती कोणी कोरलेली नाही, झाडाच्या अंगातलीच.

आणि वरची चकाकी? ती पुष्कळदा लाखेची. लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची, कापडाच्या बोळ्यानं हातावर हात चढवायचे. इथं माझ्यासारख्या पूर्व विदर्भातल्या शेतकऱ्याचे कान टवकारतात. लाख म्हणजे पळस, कुसुंब, बोरीच्या फांद्यांवरच्या बारक्या किड्यांनी केलेलं घर. आमच्या जंगलपट्टीत बीजलाखेच्या काड्या झाडाला बांधून ती पिकवतात. चावीच्या बाजावर वाजणारी तबकडीसुद्धा लाखेचीच, तिच्यात दगडाची भुकटी आणि काजळी मिसळलेली. जगाला लाख पुरवणारा मोठा मुलूख आपलाच. दुसऱ्या महायुद्धात लाखेची टंचाई झाली, तेव्हा १९४२ साली अमेरिकन सरकारनं रेकॉर्डवाल्यांची लाख ७० टक्के कापली. तिकडच्या गाण्याचा गळा इकडच्या पळसाला बांधलेला होता, बाप्पा!

आपल्याकडे १९०२ साली कलकत्त्यात गौहरजानचं गाणं तबकडीवर उतरलं, १९०८ साली सियालदहला तबकड्यांचा कारखाना निघाला. पुढं बालगंधर्वांची पदं तबकडीवरून खेड्यापाड्यांत गेली. पण यंत्राला आपला पावसाळा मानवेना. ओल लागली की सरस सुटतो आणि पापुद्रा भाकरीसारखा फुगतो. म्हणून आपल्या हवेत खरी टिकली ती भरीव सागाची पेटी.

असाच एक पापुद्रा सुटलेला बाजा मी आमच्या गावच्या म्हाताऱ्या वाढईकडे नेला होता. आमच्याकडे सुताराला वाढई म्हणतात. त्यांनी पेटी उपडी केली, कोपऱ्यावर अंगठा फिरवला.

"बापू, वरचं सोड. हा सांधा पाय. दातात दात घातला हाये, एक खिळा नाही."

"टिकंल का, काका?"

"तू जाशील, मी जाईन. हा सांधा नाही जायचा."

आता रिकाम्या पेट्यांचं सांगतो. शहरातल्या हॉटेलांना, बंगल्यांना शोभेसाठी पितळी भोंग्याचा ग्रामोफोन पाहिजे असतो. जुना खरा तेवढा आहे कुठं? मग नवा भोंगा ठोकतात, नवी पेटी करतात आणि आत टाकायला यंत्र मात्र जुनं लागतं. ते काढतात बिनभोंग्याच्या खऱ्या बाजांतून. १९३१ साली निघालेली एच.एम.व्ही.ची १०२ नंबरची हातात न्यायची पेटी यात फार मेली. भंगारवाले गावोगाव फिरून ती घेतात, कमान काढतात, खोकं फेकून देतात. म्हणजे खोट्याला जीव यावा म्हणून खरं मारायचं. माझ्या तिन्ही पेट्या अशाच फेकलेल्यांतून उचललेल्या आहेत.

ओळखायचं सोपं आहे. चकाकी बघू नका. पेटीच्या बुडाकडून बघा. स्क्रूच्या डोक्यावर फुलीची खाच असेल तर शंका घ्या, जुन्याला एकच सरळ खाच असते. सांध्यात खिळे ठोकलेले, आतलं लाकूड कोरं पिवळं, कुत्र्याचं चित्र नव्याकोऱ्या पत्र्यावर, असं दिसलं तर हात जोडून परत या.

तुमच्या माळ्यावर असली पेटी पडली असेल, कोणी तिच्यात बी-बियाणं नाही तर सातबाराचे कागद ठेवत असेल. भंगारवाला भोंगा नाही म्हणून तिला कवडीमोल ठरवील. त्याला देण्याआधी एकदा ती उपडी करा आणि कोपऱ्यावर अंगठा फिरवून बघा.