बारा कड्यांची साखळी

अॅलानीन, टायरोसीन, सेरीन, पुन्हा सेरीन, ग्लायसीन, अॅलानीन, मग प्रोलीनच्या दोन जोड्या, त्यांच्या मधोमध मेथिओनीन, शेवटी फेनिलअॅलानीन. बारा अमिनो आम्लांचं हे पेप्टाइड सोन्याच्या सूक्ष्म कणांचा पीळदार गोफ विणतं. असल्या पेप्टाइडांना ‘आराखडा करून घडवलेली’ म्हणायची पद्धत आहे. याची वंशावळ पाहिली की तो शब्द जरा घशात अडकतो.

मूळ पुरुष १९८५चा. मिझुरी विद्यापीठाचे जॉर्ज स्मिथ यांनी जिवाणूंना ग्रासणाऱ्या फेज या विषाणूच्या जनुकात परका तुकडा घुसवला आणि तो विषाणूच्या अंगावर प्रथिनाच्या रूपात उमटला. पेप्टाइड बाहेर, त्याची पाककृती आत! या युक्तीला २०१८च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. पण तिचा रोख होता जीवशास्त्राकडे. धातूंशी तिचं काही देणंघेणं नव्हतं.

निर्जीव पदार्थांशी तिचं नातं जुळवण्यात संशोधक अँजेला बेल्चर यांचा मोठा हात. अबालोन शिंपल्यातली प्रथिनं चुन्याचा स्फटिक कोणत्या रूपात वाढेल हे ठरवतात, हे त्या आधी अभ्यासत होत्या. मग ज्या पदार्थांशी जीवसृष्टीचा कधी संबंध आला नाही, त्यांनाही पेप्टाइड धरेल का? २००० साली त्यांच्या गटाने गॅलियम आर्सेनाइड हा अर्धवाहक ओळखणारी पेप्टाइडं दाखवली.

आपली साखळी सापडली ती चांदीवर. अमेरिकी हवाई दलाच्या प्रयोगशाळेत राजेश नाईक, मॉर्ली स्टोन आणि सहकाऱ्यांनी ती २००२ साली प्रसिद्ध केली. रीत अशी: नाना तऱ्हेची पेप्टाइडं मिरवणारे असंख्य विषाणू चांदीच्या कणांत सोडायचे, धुवायचे, चिकटून राहतील त्यांची पैदास करायची, पुन्हा धुवायचे. सराफाच्या दुकानाबाहेरची धूळ धुणारे झारेकरी हेच करत, फक्त उलट्या बाजूने. ते धुळीतून धातू वेचत. इथे धातूला कोण चिकटतो ते वेचायचं. बारा कड्यांचा क्रम कुणी आखला नव्हता, तो गाळात सापडला. पुढे कळलं की ती सोन्यालाही धरते.

आराखडा आला तो २००८मध्ये, पिट्सबर्ग विद्यापीठात. नॅथॅनियल रोझी आणि चुन-लाँग चेन यांनी साखळीच्या टोकाला बारा कार्बनचं शेपूट जोडलं. हे शेपूट लॉरिक आम्लाचं. खोबरेल तेलात निम्म्याच्या आसपास तेच असतं. तेलकट शेपट्या पाण्यापासून अंग चोरून एकत्र येतात, त्यांचा धागा होतो आणि पेप्टाइडं त्याच्या बाहेरच्या अंगाला राहतात. द्रावणात सोन्याचा क्षार घातला की कण तयार होऊन त्या धाग्यावर दुपेडी बसतात. गोफाचा एक वेढा सुमारे ८० नॅनोमीटरचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्श्याइतका.

नैसर्गिक, डावखुऱ्या अमिनो आम्लांनी बनलेल्या या गोफाचा पीळ डावा पडतो. २०१३मध्ये याच गटाने त्याच बारा कड्या आरशातल्या प्रतिमेसारख्या उजव्या घेतल्या, तेव्हा सोन्याचा पीळ उजवा पडला.