ग्राफिक्स कार्ड डिटेक्ट न होणे

संगणकात बसवलेले ग्राफिक्स कार्ड त्या संगणकाला न दिसण्याचा दोष. दुरुस्तीच्या टेबलावर ‘कार्ड डिटेक्ट होत नाही’ या एकाच तक्रारीखाली दोन निराळे दोष येतात : कार्ड बसवर (उपकरणे जोडणाऱ्या मार्गावर) हजरच नसणे आणि हजर असूनही ड्रायव्हरने ते चालू न करणे. पहिल्याला स्क्रूड्रायव्हर लागतो, दुसऱ्याला कीबोर्ड. हा फरक न पाहताच विंडोज नव्याने टाकण्याची प्रथा आढळते.

हजेरी : संगणक सुरू होताच बायोस पीसीआय एक्सप्रेसच्या एकेका बसवर विचारणा करत जाते. एका बसवर ३२ उपकरणांना जागा असते आणि प्रत्येक उपकरणाची ८ पर्यंत कार्ये असू शकतात. उपकरण असेल तर निर्मात्याचा १६ बिटांचा क्रमांक परत येतो. नसेल तर सगळे बिट १, म्हणजे षोडशमान पद्धतीत एफएफएफएफ. एनव्हिडियाचा क्रमांक १०डीई. एएमडीची कार्डे १००२ सांगतात. तो मुळात एटीआयचा. ती कंपनी एएमडीने २००६ मध्ये घेतली, क्रमांक तसाच राहिला. इंटेलचा ८०८६ हा तिच्या १९७८ च्या प्रोसेसरचाच आकडा. लिनक्सवर ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा दिल्यास ही हजेरी वाचता येते. कार्ड या यादीत असेल तर कॅबिनेट उघडण्याची घाई करू नये.

स्लॉट व वीज : सोळा लेनच्या कार्डाच्या काठावर दोन्ही बाजूंना ८२ प्रमाणे १६४ संपर्कपट्ट्या असतात. त्यांतल्या हजेरीच्या पट्ट्या मुद्दाम किंचित आखूड ठेवतात, त्यामुळे त्या सर्वांत शेवटी टेकतात. कार्ड स्लॉटात पुरते गेले की मागची खिट्टी ‘टक्’ करते. कार्ड कॅबिनेटला जोडणाऱ्या धातूच्या पट्टीचा स्क्रू आधी आवळला तर ते तिरके राहते आणि वरून पाहणाऱ्याला नीट बसलेलेच वाटते. जड कार्डे स्वतःच्या वजनानेही खाली झुकतात.

स्लॉटातून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. सहा पिनांच्या जोडणीतून आणखी ७५ आणि आठ पिनांच्या जोडणीतून १५० वॅट येतात. एसएमपीएसमधून (वीजपुरवठ्याच्या पेटीतून) निघणारा प्रोसेसरचा आठ पिनांचा प्लग कार्डाच्या प्लगसारखाच दिसतो, पण त्यात १२ व्होल्ट आणि ग्राउंडच्या बाजू उलट असतात. तो जोर लावून बसवू नये. पंखा फिरतो म्हणजे कार्ड ठीक आहे, असेही धरून चालू नये.

मॉनिटरची केबल मदरबोर्डाला लावलेली असणे हे सर्वांत किरकोळ कारण. ते शेवटी तपासले जाते.

काठाची सफाई : पट्ट्यांवर खोडरबर फिरवण्याची रीत जुनी आहे. तिने काम होते, असे कारागीर सांगतात. निकेलवरचा सोन्याचा पातळ थर घासला जातो आणि रबराचा चुरा स्लॉटात उतरतो, असा आक्षेपही आहे. आयसोप्रोपिल अल्कोहोल व न झडणारे कापड यांबद्दल मतभेद नाही. कार्ड ओव्हनमध्ये भाजण्याच्या उपायाने काही कार्डे तात्पुरती उठल्याचे सांगतात.

बायोस : जुन्या कार्डात यूईएफआयला (बायोसच्या नव्या प्रकाराला) समजणारा प्रदर्शन-कार्यक्रम नसतो. मदरबोर्डावर सीएसएम (जुन्या बायोसची पद्धत चालवणारी सोय) बंद असेल तर अशा कार्डावरून सुरुवातीला काहीच दिसत नाही. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या कूटचलनाने ग्राफिक्स कार्डांवर चालणारी खाणकाम पद्धत सोडली आणि खाणकामात वापरलेली कार्डे जुन्या बाजारात आली. त्यांतील काहींचे बायोस बदललेले असते. असे कार्ड हजेरी देते, पण ड्रायव्हर ते नाकारू शकतो. काही कार्डांच्या कडेला दोन बायोसांमधली छोटी कळ असते. ती सरकवून पाहण्यास पैसे पडत नाहीत.

ड्रायव्हर : विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये कोड ४३ म्हणजे उपकरणाने बिघाड कळवल्यामुळे ते थांबवले आहे, कोड १२ म्हणजे साधनसामग्री अपुरी. जुना ड्रायव्हर पूर्ण काढून नवा घालावा.

लॅपटॉप : कार्ड बहुधा मदरबोर्डावरच डाकलेले असल्याने वरील बरेचसे लागू नाही.