नकुसा

आमच्या लहानपणी पोर जगावं म्हणून वाईट नाव ठेवायचे. दगडू, धोंडू, केरू. नजर लागू नये, ही त्यामागची माया. चुलत्यांना तिसरी मुलगी झाली आन् बारशाला नाव ठेवलं नकुसा. दगडूचं नाव त्याला राखायला. हिचं, पुढं पोरगी येऊ नये म्हणून. शाळेत हजेरीला त्याच नावावर ती ‘हजर’ म्हणायची. लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळात नवं नाव लिहिलं, तेव्हा कुठं सुटली.

२२ ऑक्टोबर २०११ ला साताऱ्यात २८५ नकुसांचं पुन्हा बारसं झालं. कुणी ऐश्वर्या झाली, कुणी वैशाली. नव्या नावाचे दाखले हातात मिळाले. सावित्रीबाईंचं नायगाव याच जिल्ह्यातलं. पण त्याच वर्षीच्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागं मुली ८९४ च. ज्या जन्मालाच आल्या नाहीत, त्यांचं बारसं कुणी करायचं?

आता नातीसाठी सूनबाई मोबाईलवर नाव शोधतीय. गावात कुणाचं नसलेलं पाहिजे म्हणती. म्हटलं, “खुशाल ठेव पोरी. माझी जीभ अडखळंल, पण हाक मारीन.”