डिप्पर : रात्रीच्या रस्त्यावरचा रामराम

उजेडासाठी आपण जे शब्द वापरतो, त्यांतले बरेचसे दूरचा प्रवास करून आलेले आहेत. ‘कंदील’ आपल्याकडे अरबीतून आला आणि अरबीत तो ग्रीक-लॅटिनकडून गेला. इंग्रजीतला ‘कँडल’ त्याचाच सख्खा भाऊ. ‘मशाल’ अरबी, ‘चिराग’ फारसी. ‘बत्ती’ संस्कृतातल्या ‘वर्ती’वरून आली. आणि ‘हेडलाइट’ साहेबाकडून. बीड जिल्ह्यातल्या माणसाने यांतला एकही शब्द परका मानला नाही. अंधारात चालणाऱ्याला उजेड कुठल्या भाषेतला, हे विचारायची उसंत नसते.

आपल्या जिल्ह्याचा इतिहास हा रस्त्यांचा इतिहास आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो. १९५६ मध्ये मुंबई राज्यात आलो, १९६० मध्ये महाराष्ट्रात. परळीला रेल्वे होती, पण खुद्द बीड शहरात प्रवासी गाडी यायला १७ सप्टेंबर २०२५ उजाडावा लागला. तोवर बाजार, कचेरी, दवाखाना, लग्न, मयत सगळे रस्त्यानेच. आणि रस्ता म्हणजे बालाघाटाच्या डोंगररांगा, मांजरसुंब्यासारखे घाट आणि मैलोन् मैल अंधार.

या अंधारात पहिला फिरता दिवा होता बैलगाडीचा. साटीखाली, दोन चाकांच्या मध्ये, कंदील टांगलेला असे. त्याचा उजेड गाडीवानाला फारसा उपयोगी नव्हता. बैलांना वाट पाठ असायची, गाडीवान अनेकदा डुलकी घेत असायचा. तो कंदील होता समोरून आणि मागून येणाऱ्यासाठी. ‘मी इथे आहे’ एवढेच तो सांगायचा. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा इतिहास याच दोन कामांच्या ओढाताणीचा आहे. एक काम स्वतःला दिसण्याचे, दुसरे इतरांना आपण दिसण्याचे.

पुढे सायकली आल्या. आधी रॉकेलचा दिवा, काही ठिकाणी कार्बाइडचा. कार्बाइडच्या खड्यांवर पाण्याचे थेंब पडले की ॲसिटिलीन वायू तयार होतो आणि तो पांढऱ्या ज्योतीने जळतो. मोटारींनाही सुरुवातीला हेच दिवे असत. मग मागच्या चाकाला घासून फिरणारा डायनामो आला. बिनबत्तीची सायकल पकडली तर पोलीस दंड करीत, ही आठवण साठीच्या पुढच्या अनेकांना असेल. त्या काळी कायद्याचा आग्रह दिवा असावा एवढाच होता. तो किती मोठा असावा, हा प्रश्न उपस्थितच झाला नव्हता.

तो प्रश्न मोटारसायकलीने आणला. १९५५ पासून मद्रासला बुलेट तयार होऊ लागली, साठच्या दशकात म्हैसूरची जावा आणि एस्कॉर्ट्सची राजदूत आली. राजदूतवर दुधाचे कॅन लटकले, ग्रामसेवक बसले, गुरांचे डॉक्टर बसले. या गाड्यांची वीज सहा व्होल्टची. इंजिन मंदावले की दिवा निखाऱ्यासारखा लाल व्हायचा, अ‍ॅक्सिलेटर पिळला की उजळायचा. म्हणजे खड्डा आला, गाडी हळू केली की नेमका तेव्हाच उजेड जायचा! जिथे पाहायची गरज, तिथेच अंधार. पुढे १९८५ मध्ये हीरो होंडाची सीडी १०० आली, १९९४ मध्ये स्प्लेंडर. वीज बारा व्होल्टची झाली, पण कित्येक गाड्यांचा हेडलाइट बॅटरीवर नव्हता, थेट मॅग्नेटच्या कॉइलवर होता. त्यामुळे इंजिनाबरोबर दिव्याचे चढणे-उतरणे काही थांबले नाही.

मग आपल्या गावोगावच्या ऑटो इलेक्ट्रिशियनच्या टपऱ्यांवर एक उद्योग सुरू झाला. ‘उस्ताद, उजेड वाढवून द्या.’ ‘उस्ताद’ म्हणायचे कारण, या टपऱ्यांवरची भाषा बहुधा दखनीच. कंपनीचा ३५ वॅटचा बल्ब काढायचा आणि चारचाकीच्या जातीचा ६०/५५ वॅटचा हॅलोजन बसवायचा. हॅलोजन युरोपात साठच्या दशकातच आला होता, दोन तारांचा एच-४ बल्ब १९७१ मध्ये. आपल्याकडे तो दुचाकीवर चढला, पण गणित कुणी पाहिले नाही. कॉइल वीज देणार ठरावीकच. ६० वॅटचा बल्ब ओढणार जास्त. मग बॅटरी बसायची, वायरिंग तापायचे, होल्डर वितळायचा, प्लॅस्टिकचा रिफ्लेक्टर काळवंडायचा. जाणते मिस्त्री वेगळी जाड वायर आणि रिले टाकून द्यायचे. आमच्या भागातले एक वयस्कर मिस्त्री बल्ब बदलायच्या आधी काच आतून-बाहेरून पुसायचे, बॅटरीचे टोक खरडायचे, दिव्याचा कोन खाली-वर करून भिंतीवर पाहायचे. अर्ध्या गिऱ्हाइकांचे काम तेवढ्यातच व्हायचे, आणि मिस्त्रींचे नुकसान!

लोकांना उजेड का हवा होता, हे मात्र समजून घेतले पाहिजे. हौस असते, नाही असे नाही. पण हौसेपेक्षा गरज मोठी होती. परळीच्या औष्णिक केंद्रातला पहिला ३० मेगावॅटचा संच १९७१ मध्ये सुरू झाला. वीज जिल्ह्यात तयार होऊ लागली, पण शेताला ती मिळायची रात्री. लोडशेडिंगच्या वर्षांत शेतकरी रात्री दोन वाजता गाडीला किक मारून पाणी धरायला जायचा. वाटेत साप, विंचू, रानडुक्कर. २०२० च्या नोव्हेंबरात आष्टी तालुक्यात बिबट्याने माणसे मारली, तेव्हा त्या रात्री शेताकडे निघालेल्या माणसाला ‘३५ वॅटवर भागवा’ असे सांगण्याचे धाडस कोण करील?

याच सुमारास एलईडी स्वस्त झाला होता. त्याचीही कथा मोठी आहे. लाल आणि हिरवे एलईडी आधीपासून होते, पण निळा जमत नव्हता. आकासाकी, अमानो आणि नाकामुरा या शास्त्रज्ञांनी तो जमवला आणि त्याबद्दल २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले. निळ्या प्रकाशावर पिवळ्या फॉस्फरचा थर दिला की पांढरा उजेड मिळतो. वीज कमी, उजेड जास्त. मॅग्नेटवर ताण नाही, वायर जळत नाही. उस्तादांची जुनी अडचणच संपली. शिवाय १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन सुरू होताच आपोआप लागू लागला, दिवसासुद्धा. बैलगाडीखालच्या कंदिलाचेच काम, ‘मी इथे आहे’ सांगण्याचे, पुन्हा कायद्याने दिव्याला दिले.

पण इथेच नवी अडचण उभी राहिली. हॅलोजन बल्बमध्ये दोन तारा असतात. डिप्परच्या तारेखाली एक बारीक पत्र्याची वाटी असते. जो प्रकाश रिफ्लेक्टरच्या खालच्या भागावर आपटून वर, समोरच्याच्या डोळ्यांत गेला असता, तो ही वाटी अडवते. बोटाच्या नखाएवढा पत्रा, पण समोरच्या माणसाची सगळी काळजी त्यात आहे. रिफ्लेक्टरची घडण त्या तारेची नेमकी जागा धरून केलेली असते. त्याच घरात बाजारातला एलईडी बल्ब खोचला की बहुधा ती जागा चुकते, आडोसा नीट बसत नाही, आणि उजेड वाट सोडून चहूकडे पसरतो. चालवणाऱ्याला वाटते, वा, काय लख्ख! समोरच्याला काहीच दिसत नाही. हँडलवर लावलेले ‘फोकस’ आणि बार तर डिप्परच जाणत नाहीत.

डोळे दिपले की सावरायला काही सेकंद लागतात, वय वाढते तसे अधिकच. पाच सेकंद धरू. ताशी ६० किलोमीटरच्या वेगाने गाडी सेकंदाला साडेसोळा मीटर जाते. म्हणजे ८० मीटरहून अधिक अंतर माणूस आंधळा होऊन चालला. त्या ८० मीटरांत काय असते? आपल्या जिल्ह्यात याचे उत्तर सर्वांना ठाऊक आहे. दसरा-दिवाळीनंतर आपले लाखो ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. पहाटेच्या काळोखात उसाने लादलेल्या त्यांच्या गाड्या कारखान्याच्या वाटेवर असतात. साटीखालचा कंदील आता गेला. त्या जागी हंगामाच्या सुरुवातीला कारखाने आणि आरटीओ लाल रिफ्लेक्टर चिकटवतात. रिफ्लेक्टरला स्वतःचा उजेड नाही. मागून येणाऱ्याच्या दिव्याने तो पेटतो, आणि मागून येणाऱ्याचे डोळे समोरच्या फोकसने दिपलेले असतील तर तो असून नसल्यासारखा. बीडच्याच पोराने सांगली-कोल्हापूरच्या रस्त्यावर लावलेला फोकस बीडच्याच गाडीवानाच्या जिवावर उठू शकतो.

कायदा याबाबत गप्प नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीत मनमानी बदल करू देत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने अशा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. पण रात्री दोन वाजता बांधावर आरटीओ नसतो. तिथे माणसाची रीतच उपयोगी पडते.

ती रीत आपल्याकडे होती. हेडलाइटच्या वरच्या भागावर काळा पट्टा मारलेल्या गाड्या आपण पाहिल्या आहेत. ट्रकच्या मागे ‘रात्री डिप्पर वापरा’ असे रंगवलेले असायचे, अजूनही दिसते. ‘डिप्पर’ हा इंग्रजीतून आलेला शब्द आपल्या ड्रायव्हरांनी इतका आपलासा केला, की त्याला मराठी म्हणायला माझी हरकत नाही. दोन अनोळखी माणसे अंधारात समोरासमोर येतात, नाव-गाव-जात-धर्म काही दिसत नाही, आणि दोघेही आपला दिवा क्षणभर खाली करतात. हा रामराम आहे, हाच सलाम आहे.

म्हणून उजेड जरूर वाढवा. आधी काच पुसा, बॅटरी-वायरिंग तपासून घ्या, गाडी भिंतीसमोर उभी करून डिप्परचा झोत दिव्याच्या उंचीच्या खाली पडतो ना ते पाहा. पूर्ण एलईडीच हवा असेल तर तुमच्या मॉडेलसाठी कंपनीने मान्य केलेला अख्खा हेडलाइटच घ्या, नुसता बल्ब नको. आणि शेतातल्या अंधारासाठी हातातली बॅटरी वेगळी ठेवा. ती बांधावर लागते, रस्त्यावर नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)