भिंत, रंग आणि वाचन : ‘किनफॉन्स’चा दाखला

रॉक संगीतकारांच्या घरांतील सायकेडेलिक भित्तिचित्रांकडे बहुधा एलएसडीजन्य अनुभवाची थेट नोंद म्हणून पाहिले जाते. चित्र आणि चेतना यांचे हे सरळ समीकरण कितपत टिकते, हे जॉर्ज हॅरिसनच्या ‘किनफॉन्स’ या घराच्या आधारे तपासता येते.

इंग्लंडमध्ये एशर येथील हा बंगला हॅरिसनने १९६४ मध्ये घेतला. १९६७ मध्ये त्याने, पत्नी पॅटी बॉइडने आणि मित्रांनी त्याच्या बाह्य भिंती भडक रंगांनी रंगविल्या. आतील शेकोटीभोवतीचे चित्र ‘द फूल’ या डच कलावंतांच्या गटाने काढले. याच गटाने त्याच वर्षी लंडनच्या बेकर स्ट्रीटवरील बीटल्सच्या ‘अ‍ॅपल’ दुकानाची दर्शनी भिंत रंगविली. स्थानिक विरोधामुळे १९६८ मध्ये तिच्यावर पांढरा रंग फासावा लागला. किनफॉन्सच्या वाट्याला हे आले नाही. खासगी मालकी हीच त्या बंडखोर रंगांची ढाल होती.

कालक्रम अधिक बोलका आहे. १९६६ मध्ये हॅरिसन रविशंकरांकडे सतार शिकण्यासाठी मुंबईस आला होता. ऑगस्ट १९६७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील हाइट-अ‍ॅशबरीचे दृश्य पाहून त्याचा एलएसडीविषयी भ्रमनिरास झाला. जानेवारी १९६८ मध्ये ‘वंडरवॉल’ चित्रपटाच्या संगीतासाठी त्याने मुंबईत भारतीय वादकांसह ध्वनिमुद्रण केले. म्हणजे श्रद्धा ओसरली, साधना बदलली. भिंतीवरील रंग मात्र तसेच राहिले. ऋषिकेशहून परतल्यावर मे १९६८ मध्ये बीटल्सनी नव्या गीतांचे कच्चे मुद्रण याच रंगीत घरात केले आणि त्यांतील बहुतेक गीते नोव्हेंबरमध्ये रिचर्ड हॅमिल्टनने योजलेल्या पांढऱ्या वेष्टनात प्रसिद्ध झाली.

तेव्हा भित्तिचित्र हे मनोवस्थेचे प्रतिबिंब नव्हे. गीत किंवा वेष्टन नव्या आवृत्तीत बदलता येते. भिंत आपल्या निर्मितिक्षणाला जखडलेली असते आणि रहिवासी तिच्यापुढे निघून गेलेला असतो. तिच्यावरून रहिवाशाचे मन वाचणे म्हणजे जुन्या पत्त्यावर माणूस शोधणे होय.

१९७० मध्ये हॅरिसन ‘फ्रायर पार्क’ येथे राहावयास गेला. कालांतराने किनफॉन्स पाडले गेले. तेथील मुद्रणे २०१८ मध्ये अधिकृतपणे प्रकाशित झाली, भिंती मात्र छायाचित्रांपुरत्या उरल्या. समीक्षक आज जे वाचतो ते मूळ भित्तिचित्र नसून कॅमेऱ्याने निवडलेली त्याची चौकट आहे. हा भेद न पाळल्यास इतिहासाच्या नावाखाली केवळ एका प्रतिमेचेच भाष्य होत राहील.