शिवमंदिरासमोरचा पहिला कॅमेरा आणि आजचं शूट बुकिंग

मंडळी, लग्नसराई जवळ आली की माझ्या फोनवर एक प्रश्न हमखास येतो. "दादा, अंबरनाथच्या शिवमंदिरात प्री-वेडिंग शूट करायचंय, परवानगी कुठं मिळते?" विचारणारे कधी बदलापूरचे असतात, कधी उल्हासनगरचे, कधी गावाकडून सुट्टीला आलेलं जोडपं. पॅकेज ठरलेलं असतं, टोकन दिलेलं असतं, घागरा आणि शेरवानी भाड्यानं आणलेली असते. परवानगीचा विषय मात्र निघतो आदल्या रात्री. मग दुसऱ्या दिवशी गेटवर हुज्जत, देवळात आलेल्या आजीबाईंची नाराजी आणि फोटोग्राफरचं "साहेब, दहाच मिनिटं" सुरू होतं.

उत्तर खाली देतोच. पण त्याआधी थोडा इतिहास सांगू द्या. या देवळासमोर कॅमेरा लावणं ही आजची फॅशन नाही. ती गोष्ट दीडशे वर्षांहून जुनी आहे, आणि आपण आज काय करतोय ते कळायला ती माहीत असलेली बरी.

मंदिर कधीचं? उत्तरेकडच्या दारावरच्या तुळईवर शिलालेख आहे. त्यात शक ९८२, म्हणजे इ.स. १०६० चा उल्लेख आहे. कोकणच्या शिलाहार घराण्यातला मुम्मुणी, ज्याचं नाव लेखात मांवाणिराजदेव असं येतं, त्याच्या काळात मंदिर पूर्ण झालं. काम त्याचा भाऊ छित्तराज याच्या काळात सुरू झालं असावं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. आपल्याकडे आजही लोक सांगतात की पांडवांनी एका रात्रीत बांधलं, उजाडलं म्हणून शिखर राहून गेलं. गोष्ट छान आहे. पण दगडावर राजाचं नाव आणि साल कोरलेलं आहे, असं भाग्य फार थोड्या देवळांना लाभतं.

ते सालसुद्धा सहज हाती लागलेलं नाही. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी लेख वाचला तेव्हा आकडा शक ७८२ असा लागला, म्हणजे इ.स. ८६०. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी पुन्हा तपासून ९८२ असं वाचन दिलं आणि तेच टिकलं. एका झिजलेल्या आकड्यानं देऊळ दोनशे वर्षं मागं गेलं होतं! दगड झिजतो तेव्हा नक्षीबरोबर माहितीही जाते. म्हणून त्याची चांगली नक्कल, चांगला ठसा, चांगला फोटो वेळेत असणं महत्त्वाचं.

आता कॅमेऱ्याकडे येऊ. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५४ साली, म्हणजे कल्याणपर्यंत आगगाडी आली त्याच वर्षी. भाऊ दाजी आणि त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हे दोघेही या सोसायटीत होते. नारायण दाजी पेशानं डॉक्टर, पण फोटोग्राफर म्हणूनही नावाजलेले. एक भाऊ शिलालेख वाचतोय, दुसरा कॅमेरा चालवतोय. त्या काळच्या मुंबईत या दोन विद्या एकाच घरात नांदत होत्या.

१८५६ साली कल्याणहून खोपोलीकडे जाणारी लाइन सुरू झाली. अंबरनाथ, बदलापूर याच लाइनवर. त्यानंतर बारा वर्षांनी, १८६८ मध्ये, सरकारनं या मंदिराची रीतसर नोंद करायचं ठरवलं. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे टेरी साहेब आणि त्यांची माणसं इथं आली. त्यांनी मोजमापं घेतली, नकाशे आणि चित्रं काढली, मूर्तींचे साचे घेतले, फोटो काढले. ताजमहाल नाही, अजिंठा नाही, आपलं अंबरनाथ! देशातल्या एकाच देवळाची इतकी बारकाईनं नोंद झाल्याचं हे अगदी सुरुवातीचं उदाहरण. १८७४ च्या 'इंडियन अँटिक्वरी' या नियतकालिकात मंदिरावरचा लेख चित्रांसह छापून आला. १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटिअरमध्ये सविस्तर वर्णन आलं. पुढे पुरातत्त्व खात्याचे हेन्री कझिन्स यांनी दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरच्या आपल्या १९३१ च्या ग्रंथात अंबरनाथला मोठी जागा दिली.

त्या काळी फोटो काढणं म्हणजे काय होतं, ते आजच्या पोरांना सांगायला हवं. फिल्म नव्हती. काचेवर कलोडियन नावाचं चिकट रसायन ओतायचं, ती काच चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, फोटो घ्यायचा आणि सुकायच्या आत अंधाऱ्या तंबूत नेऊन धुवायची. सगळा खेळ दहा-पंधरा मिनिटांचा. काच सुकली की मेहनत वाया. म्हणजे तंबू, जड पेट्या, काचा, बाटल्या हे सगळं देवळापाशी वाहून आणायचं. आणि पाणी लागायचं भरपूर. पाणी देवळाच्या पायाशीच वाहत होतं. वालधुनी.

आज त्या पाण्यात काच धुवायची कोणाची हिंमत होईल? २०१४ साली याच वालधुनीत सोडलेल्या रसायनामुळे उल्हासनगरात शेकडो लोकांना त्रास होऊन दवाखाने भरले होते, हे आपण विसरलेलो नाही. प्री-वेडिंगच्या फोटोत मात्र नदी कधीच दिसत नाही. फोटोग्राफर अँगल असा लावतो की नक्षी येते आणि नाला कटतो. त्याचा दोष नाही, त्याला पैसे सुंदर फोटोचेच मिळतात. पण हजारो फोटोंतून नदी कटत गेली की नदीचा प्रश्नही नजरेआड होतो, एवढंच म्हणायचंय.

प्रसिद्ध जागी उभं राहून पैसे देऊन फोटो काढून घेणं हेही नवीन नाही. आपल्या आई-वडिलांची हौस आठवा. आधी स्टुडिओत पडद्यावर रंगवलेला ताजमहाल असायचा, बाजूला प्लॅस्टिकच्या फुलांची कुंडी. मग मे महिन्याच्या सुट्टीत लोकल पकडून थेट गेटवे ऑफ इंडिया. गेटवेची पायाभरणी ३१ मार्च १९११ ची, काम पूर्ण झालं १९२४ मध्ये. पंचम जॉर्ज डिसेंबर १९११ मध्ये उतरला तेव्हा तिथं पुठ्ठ्याची तात्पुरती प्रतिकृती उभी होती. थोडक्यात, गेटवेचा जन्मच मुळी देखाव्यासाठी झाला! पुढे तिथं गळ्यात कॅमेरा, हातात नमुन्याचा अल्बम घेतलेले फोटोग्राफर आले. "साहब, एक फोटो, दो मिनिट में" म्हणत त्यांनी कित्येक पिढ्यांची मुंबईची सहल कागदावर उतरवली. उल्हासनगर ते बदलापूर, जुन्या घरांतल्या किती अल्बमांत तो फोटो असेल! २०१९ च्या 'फोटोग्राफ' सिनेमात नवाजुद्दीननं असाच फोटोग्राफर रंगवलाय. मोबाइल आला आणि त्यांचा धंदा बसला. काहींनी पाठीवरच्या बॅगेत छोटा प्रिंटर ठेवून तो अजून चालू ठेवलाय.

इथं एक फरक लक्षात घ्या. गेटवेचा फोटोग्राफर परवान्यावर काम करतो. ताजमहालातही पुरातत्त्व खात्याचे परवानाधारक फोटोग्राफर आहेत. १९९२ साली राजकुमारी डायनाचा बाकावरचा फोटो जगभर गाजला, तेव्हापासून त्या बाकावर बसण्यासाठी रांग लागते. पण फोटो कोण काढणार, कुठं उभं राहायचं, याला तिथं काही रीत आहे. आपल्याकडे हौस आली, पॅकेज आलं, ड्रोन आला, रील आली. रीत आली नाही.

मग नियम काय म्हणतो? अंबरनाथचं शिवमंदिर राष्ट्रीय महत्त्वाचं संरक्षित स्मारक आहे. १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्याखाली ते केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे येतं. नगरपालिकेकडे नाही, पोलीस ठाण्याकडे नाही आणि आमदार-खासदारांच्या कार्यालयाकडे तर नाहीच. जुलै २०१८ मध्ये खात्यानं बहुतेक स्मारकांत साध्या फोटोवरची बंदी उठवली. अजिंठ्याची लेणी, लेहचा राजवाडा आणि ताजमधली मुख्य कबर एवढे अपवाद ठेवले. त्यामुळे दर्शनाला गेलात आणि मोबाइलवर घरच्यांचा फोटो काढला तर अडचण नसावी. पण ट्रायपॉड, लाइटचे स्टँड, व्हिडिओचं मोठं सामान, धंद्याचं शूटिंग आणि ड्रोन यांना आधी लेखी परवानगी लागते. खात्याच्या मुंबई मंडळाचं कार्यालय सायनच्या किल्ल्यात आहे. "तिथल्या माणसाशी बोलणं झालंय" ही परवानगी नव्हे. फोटोग्राफरनं असं सांगितलं तर कागद मागा.

दुसरं, हे देऊळ चालू आहे. गेटवेवर कोणी नारळ फोडायला येत नाही. इथं रोज पूजा होते, सोमवारी गर्दी असते, श्रावणात जास्त आणि महाशिवरात्रीला तर जत्राच. गाभारा जमिनीपेक्षा खाली आहे, वीसेक पायऱ्या उतरून जावं लागतं. त्या अरुंद पायऱ्यांवर घागऱ्याचा घेर पसरून पोज द्यायची म्हणजे दर्शनाला आलेल्यांची वाट अडवायची. पहिला हक्क दर्शनाचा आहे, बुकिंगचा नाही.

तिसरं, दगड. बाहेरच्या भिंतीवरच्या मूर्ती हाताला लागतील इतक्या जवळ आहेत, म्हणून त्यांना टेकून उभं राहायचा मोह होतो. सुरसुंदरीच्या खांद्यावर हात ठेवून फोटो, पायथ्याच्या थरावर चढून फोटो, रंगीत धुराच्या नळकांड्या! काळ्या पाषाणावरची बारीक नक्षी साडेनऊशे वर्षं ऊन-पाऊस सोसून आधीच झिजलीय. त्यात स्मारकाची नासधूस केली तर २०१० च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. लग्नाच्या आधी कोर्टाची तारीख कशाला घ्यायची?

ज्यांना खरंच शूट करायचंय त्यांच्यासाठी साध्या गोष्टी. परवानगीचं आधी बघा, टोकन नंतर द्या. मंदिर पश्चिमाभिमुख आहे. सकाळचं ऊन मागच्या बाजूला पडतं, दर्शनी बाजू उजळते ती दुपार कलल्यावर. सोमवार, श्रावण आणि शिवरात्र टाळा. फोटोग्राफरशी चार ओळींचा कागद करा. मूळ फाइली कोणाकडे राहणार, फोटो त्याच्या जाहिरातीत वापरायचे की नाही, परवानगी नाकारली तर आगाऊ रक्कम परत मिळणार का, हे त्यात असू द्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक काढून घेणारा असतो. हे बऱ्याच जोडप्यांना माहीतच नसतं.

आणि "मंदिर नको, बदलापूरला कोंडेश्वरला जाऊ" म्हणणाऱ्यांनो, पावसाळ्यात तिथं प्रशासन बंदी घालतं ती उगाच नाही. तिथल्या पाण्यानं माणसं नेलीत. ओल्या शेवाळावर साडी नेसून उभं राहण्याएवढी कुठलीच फ्रेम मोठी नसते.

आता मागणी. स्थानिक फोटोग्राफरांना दोष देऊन मी मोकळा होणार नाही. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापुरात कितीतरी पोरं कर्जावर कॅमेरे घेऊन या धंद्यात उतरलीत. त्यांना दर वेळी सायनपर्यंत पळवण्यापेक्षा पुरातत्त्व खातं आणि नगरपालिकेनं मिळून मंदिराबाहेर एक ठळक मराठी फलक लावावा. काय चालतं, काय नाही, अर्ज कुठं करायचा, फी किती, वेळ कोणती. आवारात दर्शनाच्या वाटेपासून दूर एक जागा आखून द्यावी. इथल्याच फोटोग्राफरांना ओळखपत्रं द्यावीत आणि हात कुठं लावायचा नाही याचं एक दिवसाचं प्रशिक्षण द्यावं. ताज आणि गेटवेला परवाना पद्धत चालते, तर आपल्याकडे का नाही?

शेवटी एक काम तुमच्याकडे. १८६८ ची चित्रं आणि फोटो हा आज पुरावा आहे. कोणती मूर्ती कशी होती, काय तुटलं, काय झिजलं, हे त्यावरून ताडून पाहता येतं. तसाच पुरावा तुमच्या कपाटातही असेल. मुंजीनंतर दर्शनाला गेलेला बटू, शिवरात्रीच्या जत्रेतली आत्या, कट्ट्यावर बसलेले मामा, आणि मागं मंदिर, झाडं, कदाचित वालधुनीचं स्वच्छ पाणी. सन १९९० च्या आधीचा असा फोटो असेल तर कमेंटमध्ये टाका, अंदाजे साल लिहा. माणसांचे चेहरे झाकलेत तरी चालेल. मागचं देऊळ आणि नदी दिसू द्या. पुरेसे जमले की साल लावून सगळे एकत्र करू आणि फलकाच्या मागणीच्या निवेदनाला जोडू.